झाला, आता हला

सिनेमाशी माझा पहिला खरा संबंध आला तो एका शिपायाला हिवताप आला म्हणून.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. आचऱ्याहून मॅट्रिक होऊन मी मुंबईला रसायनशास्त्र शिकायला आलो होतो. आमच्या कॉलेजात इतिहासाचे एक प्राध्यापक होते. दर शनिवारी दुपारी भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना काळे पडदे लावून ते देशोदेशीचे चित्रपट दाखवत. प्रोजेक्टर चालवणारा शिपाई त्या दिवशी आला नाही. सर आमच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "यंत्राला हात लावायला न घाबरणारा कुणी आहे का इथे?"

मी हात वर केला. का केला ते आजही सांगता येणार नाही. तोवर मी आयुष्यात दोन सिनेमे पाहिले होते, दोन्ही मालवणच्या जत्रेत, तंबूत, आणि दोन्ही वेळा पुढच्या माणसाच्या फेट्यामुळे अर्धेच. सरांनी सांगितलं तशी मी फिल्म चढवली. पाचेक मिनिटं सगळं ठीक चाललं आणि मग जमिनीवर शेवयांचा ढीग पडावा तशी फिल्म माझ्या पायाशी पडू लागली. मी एक वेढा चुकीचा घातला होता. वर्गात हशा पिकला. सर चिडले नाहीत. शो संपल्यावर म्हणाले, "पसारा तू घातलास, आता गुंडाळ तूच."

ते गुंडाळताना माझं जे व्हायचं ते झालं. खिडकीचा पडदा थोडा सारून मी पट्टी उजेडात धरली. एक बाई हसत होती. हसत होती म्हणजे पडद्यावर मघाशी हसली होती. माझ्या हातात तिची नुसती चित्रं होती, एकाखाली एक, सगळी सारखीच वाटणारी. मी बोटानं मोजत गेलो. ओठ मिटलेले होते तिथपासून दात दिसेपर्यंत तीसच्या वर चित्रं भरली. एका साध्या हसण्याला इतकी चित्रं लागतात, आणि त्यातलं एकही चित्र स्वतः हसत नाही, ह्याचा मला इतका अचंबा वाटला की वर्ग बंद करायला आलेल्या पहारेकऱ्यानं मला अक्षरशः हाताला धरून बाहेर काढलं.

पुढच्या शनिवारी शिपाई बरा होऊन आला, पण प्रोजेक्टर माझ्याकडेच राहिला. बी.एस्सी. झाली, विद्यापीठात एम.एस्सी.ला नाव घातलं, तरी शनिवार चुकला नाही. तुटलेल्या फिल्म जोडायला शिकलो. कडा खरवडायची, डिंकासारखं द्रावण लावायचं, दाबून धरायचं. रसायनाचा विद्यार्थी म्हणून ते द्रावण मी घरीच बनवू लागलो.

घरी म्हणजे खोलीवर. गिरणगावात आमच्या पंचक्रोशीतल्या अकरा जणांची एक खोली होती आणि मी बारावा. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, त्या खोलीतले कर्ते. ते कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. बायको-मुलं सगळ्यांचीच गावाला. माझी बहीण, तिला आम्ही बाय म्हणायचो, आमच्याच गावात दुसऱ्या वाडीत दिलेली. शेती, दोन मुलं, सासू-सासरे आणि एक द्वाड वासरू एवढं सगळं ती सांभाळायची. भावोजी वर्षातून पंधरा दिवस, गणपतीला, घरी जायचे.

त्या खोलीत माझ्या द्रावणाचा वास भरून राहायचा. भावोजी कामावरून आले की दारातच थांबायचे. "ह्या काय रे शिजवतंस? जेवाण काय?" पण त्यांनी कधी ती बाटली बाहेर फेकली नाही. उलट पाहुणे आले की सांगायचे, "आमचो मेवणो सिनेमा चिकटवता."

एम.एस्सी. झाल्यावर सरांनी मला एका फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत चिकटवून दिलं. रसायनशास्त्राचा पदवीधर त्यांना हवाच होता. बाबांना मी पत्रानं कळवलं. मी प्राध्यापक होणार असं ते गावभर सांगून बसले होते. त्यांचं उत्तर शाळेच्या गुरुजींच्या हातचं आलं, स्वच्छ मराठीत, पण शेवटची ओळ बाबांनी गुरुजींना जशीच्या तशी लिहायला लावली होती: "ह्या कामाक पेन्शन आसा काय?" पेन्शन नव्हतं. मी उत्तरात प्रयोगशाळेच्या स्वच्छतेचं वर्णन केलं.

तिथे मी दुसऱ्यांच्या फिल्म धुवायचो. बातमीपट, साबणाच्या जाहिराती, धरणांची उद्घाटनं. काळोख्या खोलीत हात चालवायचा आणि बाहेर उजेडात येऊन बघायचं की काय उमटलंय. उद्घाटनाच्या फिल्म धुवून धुवून माझी खात्री झाली की जगातली सगळी माणसं फीत कापतात आणि हार घालून उभी राहतात.

तिथे येणारा एक कॅमेरामन माझा मित्र झाला. कामातून उरलेले फिल्मचे छोटे तुकडे तो मला देऊन टाकायचा. एका एप्रिलच्या अखेरीला म्हणाला, "गावाला जातोयस ना? माझा जुना कॅमेरा घेऊन जा. पण एक सांगतो. त्याचं बटण अडकतं. एकदा दाबलंस की चावी संपेपर्यंत थांबत नाही."

चावी संपेपर्यंत म्हणजे साधारण अर्धा मिनिट. मला काय, मी तसाच घेऊन निघालो. बोटीवर सगळा प्रवास तो कॅमेरा मी मांडीवर ठेवला होता. मालवणच्या बंदराबाहेर बोट थांबते आणि माणसं पडावात उतरतात, तिथे उडी मारताना मी तो छातीशी असा धरला की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बाळ तान्ह्या आसा काय?"

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायच्या घरी गेलो तर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सगळं कुटुंब तयार. बायनं लग्नातला शालू नेसलेला. मुलांच्या डोक्याला तेल इतकं की कानांवर ओघळत होतं. सासरे कोट घालून, सासूबाई नथ घालून. पाठीमागे शेजारची दोन घरं, तीही नटून. सगळे एका रांगेत, हात सरळ, श्वास कोंडून.

मी म्हणालो, "बाय, ह्यो फोटो नाय गो. सिनेमा आसा. हललास तरी चलता."

"तू घे," ती ओठ न हलवता म्हणाली. "आमका शिकव नको. पोरांनू, हालूचा नाय हां, फोटो खराब जातलो."

मी बटण दाबलं. कॅमेरा किरकिरू लागला. दहा-बारा सेकंद मी वाट बघितली. कुणाची पापणी हलेना. शेवटी कंटाळून मी म्हणालो, "झाला. आता हला."

असंच घरोघरी झालं. आठवडाभर मी वाडीवाडीतून हिंडलो, आणि जिथे गेलो तिथे माणसं खांबासारखी उभी. आमचे बाबा माडाला टेकून उभे राहिले ते माडाहून ताठ. कोळणी होडीपाशी उभ्या राहिल्या, डोक्यावर पाट्या, नजर समोर. मी प्रत्येक वेळी तेच म्हणायचो, "झाला, आता हला," आणि कॅमेरा हातात किरकिरत राहायचा, कारण बटण अडकलेलं. मी तो कसातरी खाली धरून चावी संपायची वाट बघायचो.

मुंबईला परतल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी त्या फिल्म धुतल्या. बरोबरचे लोक बघायला जमले आणि पहिल्या मिनिटातच हसू लागले. "अरे, हे तर पुतळे," एक जण म्हणाला. मलाही तेच दिसत होतं. शिकलेला मुलगा गावाला जाऊन उद्घाटनाचा सिनेमा काढून आला होता, फक्त फीत कापायची राहिली होती.

सगळे पांगल्यावर मी त्या पुन्हा लावल्या. मघाशी पुतळे दिसले की मी तुकडा बदलत होतो; या खेपेस प्रोजेक्टर बंद करायचा मला कंटाळा आला, म्हणून प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत चालू दिला.

बायचा तुकडा आला. रांग उभी आहे. मग सगळ्यांचे खांदे एकदम खाली येतात. मी "झाला" म्हटलं असणार. कॅमेरा तिरका होतो, पण बाय त्यात आहे. ती मोठा श्वास सोडते, पदरानं धाकट्याचं नाक पुसते आणि तेवढ्यात तिला काहीतरी दिसतं. तिचं ते वासरू अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांत तोंड घालून उभं आहे. बाय शालूचा ओचा वर खोचते आणि धावत सुटते. वासरू गोल फिरतं, बायही गोल फिरते, शेणसड्यावर तिचा पाय सरकतो आणि ती लग्नाच्या शालूसकट जमिनीवर बसते. बसते आणि हसायला लागते. मान मागे टाकून, दोन्ही हात जमिनीवर टेकून, मला बघून हसते. तिथे चावी संपली होती.

मी बाकीचे तुकडे बघितले. प्रत्येकाच्या शेवटी तेच होतं. "झाला" म्हटल्यावर बाबांनी माडावर थाप मारली होती, बैलाला मारावी तशी, मायेनं. एका कोळणीनं दुसरीच्या पाटीतला बांगडा उचलून आपल्या पाटीत टाकला होता आणि दुसरीनं तिच्या पाठीत धपाटा घातला होता. मी आठवडाभर जे टिपायला हिंडलो होतो ते सगळं मी कॅमेरा खाली धरल्यावर घडलं होतं, आणि त्या बिघडलेल्या बटणानं ते टिपून ठेवलं होतं.

रविवारी मी भावोजींना प्रयोगशाळेत घेऊन गेलो. त्यांना वाटलं, काम कुठे करतो ते दाखवायला नेतोय. भिंतीवर बायचा तुकडा लावला. रांग उभी होती तेव्हा ते मान डोलावत होते. "शालू निगाला वाटता पेटीतसून." मग बाय धावली, पडली, हसली. भिंत पांढरी झाली. भावोजी भिंतीकडेच बघत राहिले. मला वाटलं, रागावले. घरची बाई अशी पडलेली दाखवली.

"परत दाखव," ते म्हणाले.

मी परत दाखवला.

"परत."

किती वेळा ते मला आठवत नाही. मधे एकदा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी म्हणाले, "बारा वर्सां झाली लग्नाक. वर्साक पंधरा दिस जातंय मी. तेवढ्यात गणपती, पावणे, आवस-बापूस. माज्यासमोर ती अशी हसूक नाय कधी." आणि मग चेहरा खुलवून, "पण हसता बरी, नाय रे?"

पुढच्या रविवारी खोलीतले बाकीचे दहा जण आले. एकाला त्याची आई दिसली, एकाला त्याचं अर्धं बांधलेलं घर. ज्यांचं कुणी त्यात नव्हतं त्यांना आपली वाट, आपली विहीर दिसली. एक जण बसल्या जागी ओरडला, "थांब थांब! ती पाठी उबी आसा ती माजी म्हस!" त्या दुपारी त्या छोट्या खोलीत जो आनंद होता तो मी पुढे मोठमोठ्या थिएटरांत शोधला, दोन-चारदा सापडलाही.

गणपतीला आम्ही गावी गेलो. ऋषीपंचमीच्या दिवशी पंगत बसली होती, बाय वाढत होती. भावोजी नको तितके खुशीत होते. ताटाकडे बघतच म्हणाले, "वासराफाटी धावताना बरी दिसतंस हां."

बायच्या हातातला डाव तिथेच थांबला. जेवणं उरकल्यावर तिनं मला मागीलदारी गाठलं.

"कोणी कोणी बघल्यानी?"

मी खरं ते सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांनी.

"अकरा बापये बसान माका पडताना बघतत? आणि तू दाखवतंस? लाज नाय वाटणा तुका?"

काय सांगणार होतो? की तुझा नवरा टोपी काढून बसला होता? तेही सांगितलं. तिनं खरकटी ताटं एकावर एक रचायला घेतली. राग उतरला नव्हता, पण दुसरं काहीतरी तिच्या डोक्यात शिरत होतं.

"थंय जेवाण कोण करता?" तिनं विचारलं.

"आळीपाळीनं. सगळे करतात."

"हो पण?" म्हणजे भावोजी.

"भावोजींच्या भाकऱ्या सगळ्यांत गोल."

बायनं कमरेवर हात ठेवले. "मगे तेंकाय काड. भाकरी भाजताना काड, धोतरां धुताना काड. आणि हयसर आणून आमका दाखव. फिटांफीट जावंदे."

माझा जो चित्रपट पुढे नावाजला गेला, तो माझ्या बहिणीनं असा मागीलदारी, खरकट्या ताटांच्या ढिगाजवळ, मला सुचवला. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगितलं आहे. लोकांना ती विनयानं केलेली गंमत वाटते.

कॅमेरामन मित्रानं तोवर बटण दुरुस्त करून घेतलं होतं. यंत्राच्या चुकीनं झालं होतं ते आता मला जाणूनबुजून करायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. थंडीतल्या एका रविवारी चाळीच्या गच्चीवर मी खोलीतल्या मंडळींना बोलावलं. गावाला दाखवायचं म्हटल्यावर सगळे दाढ्या करून आले. कोट मात्र खोलीत एकच होता. तो एकानं घालायचा, ताठ उभं राहायचं, मी "झाला, आता हला" म्हणायचं, की त्यानं कोट काढून पुढच्याला द्यायचा. बारक्या माणसाच्या अंगात तो गुडघ्यापर्यंत यायचा, जाड्याच्या अंगात बटणं लागायची नाहीत. भावोजी तीनदा विचारत होते, "बरो दिसतंय मा?"

स्वयंपाकाच्या वेळी मात्र मी लपवाछपवी केली नाही. बायला जे वाटलं होतं ते दुसऱ्या कुणाला वाटावं असं नको होतं. मी सरळ म्हणालो, "आता हे पण घेतोय." कुणाला काही वाटलं नाही. खोलीतला सगळ्यांत वडीलधारी माणूस कांदा चिरत होता, तो एवढंच म्हणाला, "घे बाबा. पण मी रडतंय ता कांद्याफुडे आसा, म्हणान सांग तेंका."

मे महिन्यात सरांनी कॉलेजचा प्रोजेक्टर माझ्या हवाली केला. गादीत गुंडाळून, दोरखंडानं बांधून तो बोटीतून नेला. गावात वीज नव्हती. वीज निर्माण होऊ शकेल अशी एकच जागा होती: भाताची गिरण. गिरणीवाल्यानं जत्रेत दिवे लावायला एक जुना जनरेटर घेतला होता, तो इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचा.

"भात भरडूचा सोडून ह्या काय आणलंस?" तो म्हणाला. पण इंजिनावर त्याचा जीव होता, आणि त्याच्या इंजिनावर सिनेमा चालणार हे ऐकून त्याची कळी खुलली. त्यानं स्वतः भिंतीला चुना लावला. खिडक्यांना गोणपाटं लावली. दुपारी तीन वाजता बायका यायला लागल्या, आमच्या गावातल्या आणि पलीकडच्या दोन वाड्यांतल्याही. पोरं कडेवर, पाठीवर, कोंड्याच्या ढिगावर. पुरुष म्हातारे तेवढेच होते.

इंजिन भुकभुकू लागलं. प्रोजेक्टरचा झोत निघाला आणि त्यात भाताची धूळ सोन्यासारखी तरंगू लागली. भिंतीवर पहिला माणूस उभा राहिला, कोटात.

"अगे बाय! साहेब झालो!" कुणाची तरी आई ओरडली.

दुसरा आला, कोटात. तिसरा आला. चौथ्याला कोट गुडघ्यापर्यंत आला तेव्हा मागून एक खणखणीत आवाज आला, "अगो, सगळ्यांका एकच कोट!" आणि गिरण हसण्यानं अशी दणाणली की गिरणीवाला इंजिनाला काही झालं म्हणून धावत आला. इंजिनाचा वेग कमी-जास्त व्हायचा, तशी भिंतीवरची माणसंही कधी लगबगीनं चालायची, कधी पाण्यातून चालल्यासारखी. बायकांना वाटलं, मुंबईची चाल अशीच असणार.

मग भावोजी भाकरी थापू लागले. गिरणीत एकदम शांतता झाली. गोल, पातळ, एका हातावरून दुसऱ्या हातावर. त्यांनी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती टम्म फुगली.

"माजो घोव!" बाय उभी राहून ओरडली. "घरात पाणी पिवाक हातान पेलो घेणा नाय! बघून घेवा गो सगळ्यांनी!"

त्यानंतर कुणी शांत बसलंच नाही. प्रत्येक माणसाला त्याची बायको, आई, बहीण मोठ्यानं काहीतरी सांगत होती. ज्याच्या डोळ्यांतून कांद्यामुळे पाणी येत होतं त्याच्या कारभारणीला मी निरोप दिला, कांद्याफुडे आसा. ती म्हणाली, "माका सांगा नको. तेंचा रडणा माका ठावक आसा," आणि पदराआड हसली. एक नवी सून होती. लग्नानंतर महिन्याभरात नवरा मुंबईला गेलेला. ती खांबाआड उभी राहून बघत होती. तिचा नवरा भिंतीवर धोतर पिळत होता, बाकी काही नाही. तेवढा तुकडा संपला तेव्हा बायनं माझ्याकडे वळून हुकूम सोडला, "ता परत दाखव." मी दाखवला. कुणी का म्हणून विचारलं नाही.

त्या वर्षी गणपतीला आमच्या वाडीत काय झालं ते सगळ्या आचऱ्याला माहीत आहे. भावोजी उंबऱ्यातून आत आले, पाय धुतले, आणि बायनं त्यांच्यासमोर परात आणून ठेवली. सासूबाई "अगो, अगो" करत राहिल्या. भावोजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे, आणि बाह्या वर केल्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी निदान सहा घरांत पुरुषांनी भाकऱ्या केल्या. त्यातल्या चार घरांच्या खाण्यासारख्या होत्या.

मुंबईला परतल्यावर मी दोन्हीकडचं एकत्र करायला बसलो. गावातला एक माणूस ताठ उभा, मुंबईतला एक ताठ उभा; मग हा हलतो, मग तो हलतो. बाय वासरामागे धावते आणि भावोजींची भाकरी फुगते. संध्याकाळच्या कामानंतरचे कितीतरी तास मी त्यात घालवले. कुठे कापायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं; शनिवारच्या शोमध्ये हातातून गेलेल्या फिल्मनी जेवढं शिकवलं तेवढंच. अठरा मिनिटांचा चित्रपट झाला. आवाज नाही, संगीत नाही.

सरांना दाखवला. शेवट झाल्यावर त्यांनी डबा हातात घेतला. मग विचारलं, "नाव काय?"

"झाला, आता हला."

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. म्हणाले, "हा डबा माझ्याकडे राहू दे."

त्यांनी तो युरोपातल्या एका छोट्या शहराच्या महोत्सवाला धाडला, मला न सांगता. कित्येक महिन्यांनी प्रयोगशाळेत तार आली. तार म्हणजे मरण, असंच तेव्हा वाटायचं. मालकांनी मला आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग तार हातात ठेवली. छोट्या चित्रपटांतलं पहिलं पारितोषिक होतं. मी इतक्या मोठ्यानं हसलो की ते म्हणाले, "धक्का बसलाय, याला घरी पोचवा."

त्यानंतर वर्तमानपत्रांत लिहून आलं, रविवारी सकाळी एका मोठ्या थिएटरात खेळ झाला, मोठी माणसं भेटली. एक-दोघांनी कथापटाचं बोलून पाहिलं. त्यात नायिका होती, डाकू होते. मी नम्रपणे नाही म्हणालो. भीती वाटली असंही म्हणता येईल. पण खरं म्हणजे मला गावातलं अजून खूप काही बघायचं होतं. प्रयोगशाळेची नोकरी मी सोडली नाही. दिवसा दुसऱ्यांच्या फिल्म धुवायच्या आणि रजेत आपला सिनेमा काढायचा, असं माझं बरीच वर्षं छान चाललं. बाबा आता पेन्शनचं विचारत नव्हते. वर्तमानपत्राचं कात्रण त्यांनी तांदळाच्या कणगीवर खळीनं चिकटवलं होतं, थोडं उलटं.

पारितोषिकानंतरच्या मे महिन्यात मी आवाज मुद्रित करायचं यंत्र उसनं घेऊन गेलो. बॅटरीवर चालणारं, पेटीएवढं. बायनं ते पडवीत मांडायला जागा करून दिली.

"काय बोलू?"

"काहीही. सकाळी उठल्यापासून काय केलंस ते सांग."

ती बोलली. मी फीत मागे फिरवून तिला ऐकवलं. ती डोळे बारीक करून त्या पेटीकडे बघत राहिली.

"ह्यो माजो आवाज? मी अशी बोलतंय?"

"अशीच."

"आणि इतकी वर्सां कोणी सांगूक नाय माका!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग यंत्राजवळ सरकून बसली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "थांब. आता नीट सांगतंय."

तिनं नीट सांगायला सुरुवात केली. भात उकडायची चूल, मोठा टोप, वासराचे गुण, लग्नात नेसवलेला शालू, बोट लागली की बंदरावर जायची घाई. मी फक्त फिरणाऱ्या फितीकडे बघत होतो. अर्ध्या तासानं ती एकदम थांबली, उठली, खळ्यात गेली आणि कुंपणावरून शेजारणीला हाक मारली.

"अगो, हयसर ये! ह्या आमचा ऐकून घेता!"

दुपारच्या जेवणाआधी पडवीत सात बायका बसल्या होत्या, आणि आधी कोण बोलणार यावरून त्यांचं जोरदार भांडण लागलं होतं.